विदर्भातल्या खेड्यात शिक्षक म्हणून पहिला हिवाळा काढताना

विदर्भात नेमणूक झाली की घरचे, शेजारचे, कधीकाळी नागपूरला जाऊन आलेले, सगळे एकच सांगतात, "ऊन सांभाळ गं." मलाही तेच सांगितलं होतं. मी रत्नागिरी जिल्ह्यातली, समुद्राच्या काठावर वाढलेली. गोंदिया जिल्ह्यातल्या शाळेची ऑर्डर हातात पडली तेव्हा मी बॅगेत सुती साड्या, छत्री, टोपी आणि ग्लुकोजचे डबे भरले. गरम कपडा म्हणून एकच शाल, तीही कुणाच्या तरी लग्नात मिळालेली, पातळ. नोव्हेंबर संपता संपता तीच शाल दुहेरी करून मी पहाटे तीन वाजता गादीवर बसून होते. झोप येणं शक्यच नव्हतं.

त्याला आता नऊ हिवाळे झाले. दरवर्षी आमच्या तालुक्यात बाहेरून नवे शिक्षक येतात. कुणी जिल्हा परिषदेत, कुणी आश्रमशाळेत, कुणी एखाद्या संस्थेकडून वर्षा-दोन वर्षांसाठी. मुंबई, ठाणे, कोकणातून आलेल्यांचं तर ठरलेलं असतं. उन्हाळ्याची तयारी पक्की आणि हिवाळ्याची काहीच नाही. त्यांना मी जे तोंडी सांगत आले तेच इथे क्रमाने लिहिते आहे. दसऱ्यापासून सुरुवात केलीत तर डिसेंबर जड जाणार नाही.

आधी ही थंडी ओळखा

विदर्भ उष्ण आहे हे खरंच आहे. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो, काही वर्षी तर ४७ सुद्धा ओलांडतो. पण त्याच नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पहाटे ३.५ अंशांची नोंद झाली होती. आमचा गोंदिया जिल्हा तर थंडीच्या दिवसांत विदर्भातल्या सगळ्यात गार ठिकाणांमध्ये असतो.

याचं कारण म्हणजे समुद्र लांब आहे. कोकणात दमट हवा रात्रीची ऊब धरून ठेवते. इथे पावसाळा सरला की हवा कोरडी होते, आभाळ निरभ्र राहतं आणि दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी उष्णता सोडून देते. त्यात उत्तरेकडचा वारा सुटला की पारा झपाट्याने उतरतो. दुपारी २८ अंश आणि पहाटे १० अंश, हे एकाच दिवसात घडतं. म्हणून एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. इथली थंडी रात्रीची आणि सकाळची आहे, दिवसाची नाही. दुपार तुमच्या बाजूने असते. ऊन कुठे आहे आणि किती वेळ आहे यावर सगळी घडी बसवायची. गावातले लोक हेच करतात.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. गोंदिया रत्नागिरीपेक्षा सुमारे सात रेखांश पूर्वेला आहे. एका रेखांशाला चार मिनिटं धरली तर सूर्य जवळपास अर्धा तास आधी मावळतो. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य गेलेला असतो आणि सहाला अंधार पडतो. शाळा सुटल्यावर वह्या तपासत बसायची सवय असेल तर ती पहिल्याच आठवड्यात बदलावी लागते.

दसरा ते दिवाळी: खोली

खोली बघताना नवे लोक सिमेंटचं, टाइल्सचं घर शोधतात. मी म्हणेन, मातीच्या भिंतींचं कौलारू घर मिळालं तर आनंदाने घ्या. जाड मातीची भिंत दिवसभराचं ऊन पोटात धरते आणि रात्री हळूहळू सोडते. टिनाच्या पत्र्याखाली मात्र रात्र काढणं अवघड आहे. पत्रा आधी गार पडतो, खोलीतल्या हवेचा ओलावा त्याला आतून चिकटतो आणि पहाटे थेंब थेंब अंगावर पडायला लागतो. पत्र्याचीच खोली मिळाली तर आतून बांबूचे तट्टे किंवा जुन्या साड्या ताणून छत करून घ्या. मी पहिल्या वर्षी दोन जुन्या साड्या शिवून बांधल्या होत्या. बराच फरक पडला.

खिडकी पूर्वेला किंवा दक्षिणेला असावी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, उत्तरेच्या खिडकीत ऊन येतच नाही.

पश्चिम विदर्भात, म्हणजे यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोल्याकडे खोली घेत असाल तर एक प्रश्न नक्की विचारा: घरात कापूस भरणार आहात का? भाव वाढायची वाट बघत शेतकरी वेचलेला कापूस घरातच साठवतात. कधी कधी पलीकडच्याच खोलीत छतापर्यंत गंजी असते. त्या कापसातल्या बारीक किड्यांनी अंगाला भयंकर खाज सुटते आणि लहान मुलांच्या अंगावर पुरळ येतं. शिवाय अशा घरात उघडी आग अजिबात पेटवायची नाही. घरमालकाचा वर्षभराचा पैसा तिथे असतो.

अंथरूण आधी, पांघरूण नंतर

माझी सगळ्यात मोठी चूक ही झाली की मी पांघरुणं वाढवत गेले. एकावर एक तीन चादरी घेतल्या तरी थंडी वाजायची. आमच्या घरमालकीण आजींनी एकदा माझी गादी हाताने दाबून बघितली आणि म्हणाल्या, "मॅडम, थंडी खालून येऊन राहिली, तुम्ही वरून झाकून राहिल्या." फरशीवर टाकलेली पातळ गादी रात्री अंगातली ऊब ओढून घेते.

त्यांनी सांगितलेला क्रम मी अजून पाळते. सगळ्यात खाली प्लॅस्टिकची चटई, म्हणजे ओल वर येत नाही. त्यावर तणसाची म्हणजे भाताच्या पेंढ्याची गादी, नाहीतर दोन जाड सतरंज्या. मग कापसाची गादी. सगळ्यात वर गोधडी. खाट किंवा पलंग असला तरी खाली सतरंजी हवीच, कारण खाटेखालून वारा फिरतो.

पांघरायला गोधडी आणि रजई अशा दोन्ही ठेवा. गोधडी विकत घेण्यापेक्षा गावात शिवून घ्या. दिवाळीनंतर शेतातली कामं उरकत आली की बायका दुपारी अंगणात गोधड्या पसरतात. जुनी लुगडी, धोतरं, साड्या एकावर एक अंथरून कडेपासून मध्यापर्यंत धावदोरा घालत जातात. तुम्ही चार-पाच जुन्या सुती साड्या आणि दोऱ्याची रिळं द्या, मजुरी आधी ठरवा, आणि जमलं तर शेजारी बसून एक बाजू स्वतः शिवा. माझ्या गोधडीच्या एका कोपऱ्यात टाके वाकडे आणि लांब लांब आहेत, ते माझे. त्या आठ दुपारांत मला गावाची जेवढी माहिती झाली तेवढी सहा महिन्यांत झाली नव्हती. कुणाची मुलगी शाळा सोडून कामाला जाते आहे, कुणाच्या घरी आजारपण आहे, कुठल्या मुलाला चष्म्याची गरज आहे, सगळं तिथे कळलं.

रजई तालुक्याच्या ठिकाणी गादीघरात कापूस पिंजून भरून मिळते. दिवाळीच्या आधी टाका, नंतर गर्दी होते. दर आठ-दहा दिवसांनी ही सगळी पांघरुणं अकरा ते तीन उन्हात टाकायची आणि ऊन उतरायच्या आत घडी करून घरात घ्यायची. चारनंतर काढलीत तर ती गार झालेली असतात, दिवसभराचं ऊन वाया गेलं समजा.

कपडे

एक जाड कोट घेऊ नका. तीन पातळ थर घ्या, म्हणजे दुपारी एकेक काढता येतो. आत सुती बनियन किंवा थर्मल, त्यावर नेहमीचे कपडे, त्यावर स्वेटर. कानटोपी आणि पायमोजे हे स्वेटरपेक्षा जास्त महत्त्वाचे आहेत. बहुतेकांना पटत नाही, पण कान आणि तळपाय झाकले की निम्मी थंडी जाते. साडी नेसणाऱ्या बाईंनी आत लेगिंग घालावी. इथल्या बायका आणि पुरुष दोघेही डोक्याला-कानाला दुपट्टा गुंडाळतात. उन्हाळ्यात उन्हासाठी, हिवाळ्यात वाऱ्यासाठी. दोन मोठे सुती दुपट्टे घेऊन ठेवा, बारा महिने लागतात.

स्वेटर आठवडी बाजारात मिळतात. मोठ्या गावांत हिवाळ्यात तिबेटी विक्रेते लोकरीचे कपडे घेऊन बसतात. आमच्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहतच आहे. जानेवारीच्या शेवटी तेच कपडे बरेच स्वस्त होतात. पुढच्या वर्षीचे तेव्हा घ्या.

आंघोळीचं पाणी

गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी सकाळी हात बुडवता येणार नाही इतकं गार असतं. पण हातपंपाचं किंवा बोअरचं ताजं पाणी कोमट निघतं. जमिनीच्या पोटातलं तापमान फारसं बदलत नाही, म्हणून. डिसेंबरच्या सकाळी हातपंपावर गेलात तर धारेतून वाफ निघताना दिसेल. पहिल्या दहा-बारा हापश्यांचं पाणी पाइपातलं, ते गार. ते भांडी घासायला बाजूला काढा आणि पुढचं भरा. ते पाणी लगेच वापरलंत तर तापवायला निम्मंही सरपण लागत नाही.

पाण्यात सोडायचा विजेचा रॉड सगळेच वापरतात. तो वापरताना बादली प्लॅस्टिकची घ्या, लोखंडाची नको. बादलीवर आडवी काठी ठेवून तिच्यावर रॉड अडकवा. बटण चालू असताना पाणी तापलं का ते बोट घालून बघू नका. आधी बटण बंद, मग पिन बाहेर, मग रॉड बाहेर, आणि त्यानंतरच पाण्याला हात. खेड्यातल्या जुन्या वायरिंगला अर्थिंग असेलच असं नाही. खोली घेताना वायरमनला बोलावून तपासून घ्या. लाइन जाते तेव्हासाठी अंगणात तीन दगडांची चूल असू द्या.

सकाळीच आंघोळ झाली पाहिजे असा हट्ट धरू नका. मी हिवाळ्यात शाळेतून आल्यावर, ऊन असेपर्यंत आंघोळ करते. रविवारी दुपारी एकला केस धुते. ओले केस घेऊन संध्याकाळच्या वाऱ्यात बसलेली नवी शिक्षिका दुसऱ्या दिवशी रजेवर असते, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

शेगडीबद्दल, नीट वाचा

पहिल्या वर्षी जानेवारीत ढग येऊन पाऊस पडला. इथे हिवाळ्यात असा पाऊस येतो, कधी गारांसकट. दोन दिवस ऊन नव्हतं. मी शेजारच्या चुलीतले रसरशीत निखारे एका घमेल्यात भरून खोलीत आणले, दार-खिडकी लावली आणि पलंगाजवळ पुस्तक वाचत बसले. थोड्या वेळात डोकं जड झालं. मला वाटलं, सर्दी होते आहे. मग मळमळायला लागलं, उठावंसं वाटेना. नशिबाने आजी वाटीत गरम वरण घेऊन आल्या आणि दार वाजवत राहिल्या. कशीबशी कडी काढली. त्यांनी घमेलं लाथेने बाहेर ढकललं आणि मला ओढून अंगणात बसवलं. "दार लावून आंगार ठेवते का कोणी? जीव जाते माणसाचा!" त्या रडत होत्या. त्यांच्या नात्यातलं एक माणूस असंच गेलं होतं.

निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर नाही म्हणजे धोका नाही असं वाटतं आणि माणूस झोपेतच जातो. बंद खोलीत शेगडी, कोळसा, निखारे, कशाचीही आग ठेवायची नाही. पाच मिनिटांसाठीही नाही. शेकायचं ते बाहेर. फार गारठा असेल तर रबरी पिशवीत किंवा काचेच्या जाड बाटलीत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून पायाशी घ्या. आश्रमशाळेत वसतिगृहाची जबाबदारी असेल तर रात्री एकदा मुलांच्या खोल्या या एका कारणासाठी बघून या.

अंगाला, पोटाला

हवा इतकी कोरडी असते की आठवडाभरात ओठ फुटतात आणि टाचांना भेगा पडतात. खोबरेल तेल २४ अंशांच्या खाली गोठतं, त्यामुळे इथे सकाळी बाटलीतून थेंब येत नाही. ते रुंद तोंडाच्या डबीत भरा किंवा तिळाचं तेल वापरा. तेल आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावायचं. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी कमी होतं, तिकडे लक्ष असू द्या.

खाण्याच्या बाबतीत विदर्भाचा हिवाळा फार देतो. बाजारात ओल्या तुरीच्या शेंगा येतात. सोललेल्या दाण्यांना इथे सोले म्हणतात. त्यांची लसणाची पात घालून झणझणीत भाजी करा, किंवा अख्ख्या शेंगा मीठ घालून उकडा आणि संध्याकाळी सोलत बसा. वालासारख्या शेंगांना पोपट म्हणतात. भाजीवालीने "सांबार देऊ का?" विचारलं तर ती कोथिंबिरीबद्दल बोलते आहे, हे पहिल्या दिवशी मला कळलं नव्हतं. निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, हे रात्रीचं जेवण करून बघा. जवस आणि तीळ हिवाळ्यात रोज पोटात जाऊ द्या. आमच्या धानपट्ट्यात भातच जास्त, आणि बांध्यांमधून, म्हणजे भाताच्या खाचरांतून, लाखोळी या कडधान्याची कोवळी भाजी मिळते. मला कोकणातल्या माशांची आठवण येते ती येतेच, पण तलावातले मासे इथेही आहेत आणि आमच्या भागात तलाव पुष्कळ आहेत.

शाळेत जाणं-येणं

तालुक्याला राहून अपडाऊन करणार असाल तर हिवाळ्यापुरतं गावात राहायचा विचार करा. सकाळच्या गार वाऱ्यात गाडीवर वीस किलोमीटर गेलात की हाताची बोटं ब्रेक दाबायला तयार होत नाहीत. जायचंच असेल तर हातमोजे घाला आणि स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवा. ही गावातली युक्ती आहे आणि वारा खरोखर अडतो. तलाव, नाले आणि धानाच्या बांध्यांजवळ दाट धुकं असतं. त्याला शेतकरी धुवारी म्हणतात आणि तुरीचा बहर गळेल म्हणून घाबरतात. धुवारीत हेडलाइट खाली ठेवा, हॉर्न वाजवत हळू जा. रस्त्यावर धान भरलेल्या, मागे दिवा नसलेल्या बैलगाड्या असतात.

चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याच्या जंगलपट्ट्यात उजाडायच्या आधी आणि दिवस मावळल्यावर एकट्याने जाऊ नका. वाघ, अस्वल, रानडुक्कर ही इथली रोजची वस्तुस्थिती आहे. गावकऱ्यांनी "आज त्या वाटेनं जाऊ नका" म्हटलं तर कारण न विचारता ऐका.

वर्ग उन्हाच्या मागे न्या

आता मुख्य काम. तुम्ही स्वतःची सोय केलीत, पण वर्गात बसलेल्या मुलांपैकी निम्म्यांकडे स्वेटर नसतो, काहींच्या पायात चप्पल नसते आणि ती गार फरशीवर मांडी घालून बसतात.

पहिल्या हिवाळ्यात मी पाठ्यपुस्तक उघडून साडेदहाला शुद्धलेखन घ्यायचे. दुसरीतली एक मुलगी सारखी पेन्सिल खाली ठेवून हात काखेत घालायची. मी दोनदा रागावले. तिसऱ्यांदा तिने हात पुढे केला. बोटं गार, कडक, नखांच्या कडेला त्वचा फुटलेली. तिला पेन्सिल धरताच येत नव्हती. मागून एक मुलगा म्हणाला, "मॅडम, उनात बसू ना." ज्या गोष्टीची मला सवय नव्हती ती त्याला रोज माहीत होती.

तेव्हापासून सकाळचा पहिला तास लिहायचा नाही. परिपाठ पूर्वेच्या अंगणात, पाठीवर ऊन घेऊन. मग पाढे टाळ्यांवर, कविता हातवाऱ्यांसह, उठून-बसून गणितं, गोष्ट. हात गरम झाले की लेखन.

बाहेर बसवताना एक गोष्ट सांभाळा. ऊन मुलांच्या पाठीवर हवं, डोळ्यांत नको. फळा अशा बाजूला ठेवा की त्याच्यावर ऊन चमकणार नाही. शाळेत गुंडाळफळा असेल तर तो भिंतीच्या सावलीच्या भागात अडकवा आणि मुलं उन्हात बसवा. सुरुवातीला दोन दिवस दर तासाला अंगणात ऊन कुठे येतं ते खडूने आखून ठेवा. आमच्या शाळेत साडेअकरापर्यंत पूर्वेचं अंगण, मग दक्षिणेच्या भिंतीजवळ एक वाजेपर्यंत. त्यानंतर सगळे आत, कारण दुपारी ऊन चटकायला लागतं आणि मुलं पेंगतात. खाली सतरंजी नसेल तर खताची धुतलेली पोती शिवून आसनं करा. आत तणस भरलंत तर फारच छान.

दुपारी मुलं स्वेटर काढतात आणि विसरतात. वर्गाच्या दारात एक दोरी बांधा आणि काढलेला स्वेटर तिच्यावर टाकायची सवय लावा. गणवेशाच्या रंगाचा नाही म्हणून कुणाचा स्वेटर, शाल, आईचा जुना दुपट्टा काढायला लावू नका. एवढी एक विनंती मी हात जोडून करते. तुमच्या एका शब्दाने ते मूल दुसऱ्या दिवशी उघड्या अंगाने येईल किंवा येणारच नाही.

शाळेत एक पत्र्याची पेटी ठेवा. ओळखीच्यांकडून मुलांच्या मापाचे जुने, धुतलेले स्वेटर आणि टोप्या मागवा. वाटपाचा कार्यक्रम, फोटो वगैरे करू नका. ज्याला थंडी वाजते त्याने पेटीतून घ्यावं, जाताना घालूनच जावं, उद्या परत आणावं. कुणी नाही आणलं तर त्याला त्याची गरज होती असं समजा.

चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा शासन निर्णय २०२४ मध्ये निघाला. शनिवारची सकाळची शाळा तुमच्याकडे किती वाजता असते ते केंद्रप्रमुखांना विचारून घ्या आणि मोठ्या वर्गांची कवायत ऊन आल्यावरच घ्या.

सांधे दुखतात म्हणणारं मूल

हे प्रत्येक नव्या शिक्षकाला माहीत हवं. पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच कुटुंबांत आहे. त्यात लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. थंडी आणि अंगातलं पाणी कमी होणं, या दोन्हींनी त्रास उफाळतो. म्हणजे हिवाळा या मुलांना सगळ्यात कठीण जातो.

गुडघे, हात-पाय, पाठ दुखते म्हणून मूल मुसमुसत असेल, सारखं गैरहजर राहत असेल, डोळे पिवळसर दिसत असतील, तर ते कामचुकारपणा करत नाही. पालकांना, आशाताईंना विचारा. तपासणी झालेली नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. निदान झालेल्या मुलाला उन्हात बसवा, कोमट पाणी वरचेवर द्या, सकाळच्या धावण्यातून सूट द्या आणि पावसात-गारठ्यात भिजू देऊ नका. खूप दुखणं, ताप, छातीत दुखणं किंवा धाप लागली तर वाट न बघता दवाखान्यात न्या. माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. त्याची जागा आम्ही दक्षिणेच्या भिंतीला लागून ठरवली होती, जिथे ऊन सगळ्यात जास्त वेळ राहतं, आणि वर्गातली मुलं ती जागा कुणालाही घेऊ देत नसत.

पट का घटतो

नोव्हेंबर ते जानेवारी हजेरी खाली येते. कापूसपट्ट्यात वेचणी असते, धानपट्ट्यात कापणी-मळणी. आई-बाप पहाटे निघतात आणि धाकट्याला सांभाळायला मोठी बहीण घरी राहते. गहू-हरभऱ्याला पाणी देण्यासाठी शेतीची लाइन अनेकदा रात्रीची असते. बाप रात्रभर गारठ्यात बांधावर उभा राहून सकाळी झोपलेला असतो, मुलाला उठवणारं कुणी नसतं. म्हणून पालकांना भेटायला सकाळी जाऊ नका. संध्याकाळी सात-साडेसातला जा, शेकोटीजवळ. धाकट्या भावंडाला घेऊन शाळेत आलेल्या मुलीला परत पाठवू नका. लहानग्याला उन्हात एक पोतं टाकून द्या, तेही पाढे म्हणतं.

लांब रात्री

सहाला अंधार पडल्यावर खोलीत एकटं बसलं की घर आठवतं. पहिल्या डिसेंबरात मी रोज रडायचे. त्यावर उपाय खोलीत नव्हता. जेवण लवकर उरकून शेकोटीवर जायला लागले तेव्हा बरं वाटू लागलं. जाताना हातात एखादं लाकूड न्यायचं, ही रीत आहे. लोक सरकून जागा करून देतात.

आमच्या भागात दिवाळीनंतर गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, दंडार हे लोकनाट्य होते आणि झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या जंगलपट्ट्याची, नाटकं सुरू होतात. देसाईगंज म्हणजे वडसा इथल्या नाटक मंडळ्या हिवाळाभर गावांत प्रयोग करतात. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं आणि हजारो माणसं थंडीत बसून बघतात. नक्की जा, पण तयारीने जा. खाली टाकायला पोतं, अंगावर गोधडी, कानटोपी, पायमोजे, थर्मासमध्ये चहा. गावातल्या बायकांच्या घोळक्यात बसा, एकाच गोधडीखाली तीन जणी बसल्या की पहाटे चारचा गारठाही जाणवत नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत मुलं तेच संवाद म्हणत असतील. तेव्हा मराठीचा तास त्या संवादांवर घ्या.

फेब्रुवारीत

महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत निघून जाते असं म्हणतात आणि इथे ते पुष्कळदा खरं ठरतं. पंधरा दिवसांत स्वेटर नकोसा होतो. पण पहाट अजून गार असते, तेव्हा गोधडी होळीपर्यंत हाताशी राहू द्या.

मग एका रविवारी पेटीतले सगळे स्वेटर मुलांकडून धुऊन मागवा, दोरीवर दिवसभर वाळवा, फाटलेले बाजूला काढून उसवलेले शिवा. वाळलेला कडुनिंबाचा पाला प्रत्येक थरात घाला. पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवा आणि त्यावर लिहा, कुठल्या मापाचे किती आहेत, कुठल्या मापाचे कमी पडले. आमच्या पेटीत यंदा पहिलीच्या मापाचे चार कमी पडले आणि टोप्या सहा.